अहवालाची वाट पाहू नये

जानेवारी २०११ मध्ये गुजरातमधील साणंद तालुक्यातील एक महिला ताप व रक्तस्रावाने अहमदाबादच्या रुग्णालयात मरण पावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि एक परिचारिका, दोघेही दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झालेल्या तपासणीतून हा क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ज्वर असल्याचे सिद्ध झाले. भारतातील या रोगाची ही पहिली नोंद. निदान झाले तेव्हा ती महिला हयात नव्हती.

धुळे-जळगावकरांनी ही घटना परमुलखातली मानू नये. सुरतेहून येणारा महामार्ग याच दोन शहरांतून पुढे जातो. माणसांप्रमाणे गुरांचीही ये-जा असते. या रोगाचा विषाणू गोचिडांमार्फत गुरांत शिरतो, पण गुरे आजारी दिसत नाहीत. गोचीड चावल्याने, बाधित जनावराच्या रक्ताने आणि रुग्णाच्या रक्तस्रावांतून तो माणसास गाठतो. सप्टेंबर २०२० मध्ये, गुजरातला लागून असलेल्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाने याचसाठी दक्षतेचा इशारा दिला होता.

पावसाळ्यानंतर ताप आणि रक्तस्राव दिसला की डॉक्टरांच्या मनात प्रथम डेंग्यू येतो. ते योग्यच आहे. तथापि रुग्ण गुरे राखतो काय, खाटीकखान्यात काम करतो काय, गोचीड चावली होती काय, एवढे विचारण्यास वेळ लागत नाही. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णाला तत्काळ स्वतंत्र खोलीत ठेवावे. मोजक्याच कर्मचाऱ्यांनी हातमोजे, झगा, मुखपट्टी व चष्मा घालून आत जावे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. रक्त गरजेपुरतेच घ्यावे आणि नमुना तिहेरी वेष्टनात पाठवावा. संपर्कातील प्रत्येकाची यादी करून दोन आठवडे त्यांचा ताप पाहावा. ॲस्पिरिन टाळावे, मात्र मलेरियाची तपासणी व उपचार थांबवू नयेत. रुग्ण वेगळा ठेवणे म्हणजे त्याला वाळीत टाकणे नव्हे.

नुसत्या संशयावरून एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. १९७६ मध्ये झैरेतील यांबुकूच्या मिशन रुग्णालयात निर्जंतुक न केलेल्या सुयांनी इबोला पसरला आणि सतरा कर्मचाऱ्यांपैकी अकरा मृत्यू पावले. संशय खोटा ठरला तर काही हातमोजे वाया जातील, इतकेच.

धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावातही २०१८ पासून आहे. परंतु असा रुग्ण प्रथम पोहोचतो तो तालुक्याच्या दवाखान्यात, आणि त्याची रक्ताळलेली चादर उचलतो तो सफाई कामगार. त्याच्या हाती मोजे आहेत काय, हे आरोग्य खात्याने आधी पाहिले पाहिजे.