‘बृहत्कथे’ची शिफारस : दीर्घ अद्भुत कथामालेच्या मूल्यमापनाचा एक प्रश्न

अनेक खंडांत पसरलेल्या अद्भुत कथामालेविषयी मत देणे आणि ती वाचण्याची शिफारस करणे ही वरवर सोपी वाटणारी गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने बरीच अवघड आहे. टॉल्किनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ किंवा ‘हॅरी पॉटर’ यांसारख्या मालिका आज मराठी अनुवादातूनही उपलब्ध आहेत, आणि महाविद्यालयीन विद्यार्थी त्या अभ्यासक्रमाबाहेर वाचतो. त्यांविषयी त्याने अध्यापकाला विचारले, तर उत्तर बहुधा दोनच प्रकारचे मिळते : एक, ‘रंजक आहे, वाचावे’, दुसरे, ‘वास्तवाशी संबंध नाही, सोडून द्यावे’. यांतील कोणत्याही उत्तरात साहित्यकृतीचा विचार नाही. वास्तववादी कादंबरीसाठी मराठी समीक्षेने जी परिभाषा घडविली, तिच्या तोडीची परिभाषा दीर्घ अद्भुत कथेसाठी घडली नाही, हे त्याचे कारण आहे.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचे एक अतिशय जुने उदाहरण आहे. ते गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चे. एका राजाने दिलेल्या प्रतिकूल मतामुळे या कथामालेचे सहा भाग नष्ट झाले आणि त्याच राजाच्या अनुकूल मतामुळे सातवा भाग टिकला, अशी कथा सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त सांगितली आहे. या कथेतील राजा सातवाहन आहे. म्हणजे ज्या घराण्याचा शिलालेख जुन्नर तालुक्यातील नाणेघाटात आहे, त्या घराण्याचे नाव तो धारण करतो. जुन्नर-आंबेगाव परिसरातील अध्यापक व विद्यार्थी यांना हे उदाहरण जवळचे आहे. त्याच्या आधारे अद्भुत कथामालेच्या शिफारशीचे निकष कोणते असावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. नाणेघाट आणि कथेचा सातवाहन

आरंभीच एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. ‘बृहत्कथे’चा जुन्नरशी प्रत्यक्ष संबंध दाखविणारा पुरावा नाही. सोमदेवाने गुणाढ्याचे जन्मस्थान प्रतिष्ठानच्या प्रदेशात सांगितले आहे. कथेतील सातवाहन आणि इतिहासातील एखादा विशिष्ट सातवाहन राजा यांचा मेळ घालणेही धोक्याचे आहे. मात्र ज्या सामाजिक व भाषिक वातावरणाची स्मृती या कथेत उरली आहे, त्याचे साक्षीदार म्हणून जुन्नरच्या डोंगरांकडे पाहता येते.

नाणेघाटातील लेण्यातील ब्राह्मी लिपीतला लेख प्राकृत भाषेत आहे. राणी नागनिकेशी जोडला जाणारा हा लेख सामान्यतः इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्यात वैदिक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या हजारो गाई व कार्षापणांच्या दक्षिणेची नोंद आहे. वैदिक यज्ञ करणाऱ्या राजकुळाने आपली कीर्ती प्राकृतात कोरून ठेवावी, ही बाब येथे महत्त्वाची आहे. कोकणातील बंदरांकडून येणारा व्यापारी मार्ग याच घाटाने जुन्नरकडे चढत असे. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी व शिवनेरी येथील लेण्यांच्या दानलेखांत यवन दात्यांचीही नावे आढळतात. प्राकृत भाषा आणि दूरदेशीचा व्यापार ही ‘बृहत्कथा’परंपरेची दोन्ही महत्त्वाची अंगे या परिसरात दगडावर नोंदलेली आहेत.

२. राजाचे तीन आक्षेप

कथेचा आरंभच भाषेच्या प्रश्नातून होतो. जलक्रीडेच्या वेळी राणी राजाला ‘मोदकैः’ मारू नकोस असे म्हणते. ‘मा उदकैः’, म्हणजे पाण्याने मारू नकोस, हा संधी न कळल्याने राजा मोदक आणवतो आणि हास्यास्पद ठरतो. लज्जित राजाला सहा वर्षांत व्याकरण शिकविण्याची तयारी गुणाढ्य दाखवितो. शर्ववर्मा सहा महिन्यांची पैज घेतो. पैज हरल्यामुळे गुणाढ्याला संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्हींचा त्याग करावा लागतो. पुढे विंध्यारण्यात काणभूतीकडून ऐकलेली विद्याधरांची महाकथा तो उरलेल्या पैशाची भाषेत सात वर्षे लिहितो. कथा सात, श्लोक सात लक्ष. अरण्यात शाई नसल्याने लेखन स्वतःच्या रक्ताने.

गुणदेव आणि नंदिदेव हे शिष्य ग्रंथ राजाकडे नेतात. विद्येच्या गर्वाने राजा तो नाकारतो. त्याचे आक्षेप तीन आहेत. पहिला विस्ताराचा : सात लक्ष श्लोक. दुसरा भाषेचा : पैशाची नीरस आहे. तिसरा बाह्य रूपाचा : अक्षरे रक्ताने लिहिलेली आहेत. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, कथेविषयी राजा एक शब्दही बोलत नाही. त्याने ती वाचलेलीच नाही. आकार, भाषेची प्रतिष्ठा आणि ग्रंथाचे दर्शनी रूप यांवरूनच त्याचे मत बनले आहे. कालपर्यंत व्याकरणासाठी लज्जित असलेला राजा आज भाषेच्या प्रतिष्ठेवरून ग्रंथ नाकारतो, यातील उपरोध सोमदेवाने न बोलता ठेवला आहे.

३. श्रोत्यांचे मत आणि ‘कथापीठ’

नकार कळल्यावर गुणाढ्य एका टेकडीवर अग्निकुंड पेटवितो आणि एकेक पान वाचून ते अग्नीत टाकतो. वनातील पशुपक्षी चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहतात. इकडे राजा आजारी पडतो. वैद्य शुष्क मांसाचे कारण सांगतात. स्वयंपाकी शिकाऱ्यांकडे बोट दाखवितात. शिकारी अरण्यातील प्रकार सांगतात. राजा तेथे पोहोचतो तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेलेले असतात. शिष्यांना विशेष प्रिय म्हणून राखून ठेवलेली नरवाहनदत्ताची एक लक्ष श्लोकांची कथा तेवढी उरते.

या प्रसंगात शिफारशीची एक साखळीच दिसते. पहिले मत श्रोत्यांचे. ते शब्दांत नसून एकाग्रतेत आहे. दुसरे शिष्यांचे; काय राखावे हे त्यांच्या आवडीने ठरले. राजाचे मत सर्वांत शेवटी येते. मात्र ते बदलल्यावर राजा केवळ स्तुती करीत नाही. शिष्यांच्या साहाय्याने तो ग्रंथ समजून घेतो आणि ही कथा पृथ्वीवर कशी आली हे सांगणारे ‘कथापीठ’ त्याच भाषेत रचतो. ज्या भाषेला त्याने नीरस म्हटले, तीच भाषा तो प्रस्तावनेसाठी स्वीकारतो. कथापीठ हा ‘कथासरित्सागरा’चा पहिला लंबक असून वरील सर्व वृत्तान्त त्यातच येतो. वाचकाला ग्रंथात प्रवेश कोठून करावा हे सांगणारी शिफारस, असे त्याचे स्वरूप आहे.

४. उत्तरकालीन पाठ : चार वाचकांची चार मते

मूळ पैशाची ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. तिच्या परंपरेतील ग्रंथ मात्र आहेत, आणि त्यांतील प्रत्येक ग्रंथ म्हणजे मूळ कथेविषयीचे एक मतच होय. क्षेमेंद्राच्या ‘बृहत्कथामंजरी’ने संक्षेपाला महत्त्व दिले. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यमतीच्या मनोविनोदासाठी १८ लंबक व १२४ तरंगांचा ‘कथासरित्सागर’ रचला आणि उपकथांचा प्रवाह वाहता ठेवला. बुधस्वामीच्या ‘बृहत्कथाश्लोकसंग्रहा’चे २८ सर्गच मिळतात, पण त्यात नगरजीवन व व्यापारी जग अधिक ठसठशीत आहे. संघदासगणीच्या ‘वसुदेवहिंडी’त हेच कथाचक्र जैन परंपरेत आणि जुन्या महाराष्ट्री प्राकृतात अवतरले. मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा शेवटचा ग्रंथ उपेक्षणीय नाही.

बुधस्वामीने सांगितलेली सानुदास व्यापाऱ्याची कथा उदाहरणादाखल घेता येईल. सुवर्णभूमीच्या वाटेवर एक अरुंद अजपथ लागतो. बोकडांवर बसलेले दोन तांडे तेथे समोरासमोर येतात. मागे वळता येत नाही, बाजूला होता येत नाही. एका तांड्याने दुसऱ्याचा नाश केला तरच वाट मोकळी होणार. प्रसंग अद्भुत आहे, पण त्यातील नैतिक पेच पूर्णपणे मानवी आहे. नाणेघाटाची चिंचोळी दगडी वाट चढलेल्या विद्यार्थ्याला व्यापारी मार्गांच्या जगातून अशी कल्पना कशी उपजली असेल, याचा अंदाज सहज करता येईल.

५. त्याच आक्षेपांची पुनरावृत्ती

राजाचे आक्षेप पुढील काळातही वेगवेगळ्या रूपांत येत राहिले. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेल्या अरबी गोष्टींच्या भाषांतराने ‘सुरस व चमत्कारिक’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ केला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या त्याच काळातील. रिसबुडांनी प्रस्तावनेत अद्भुताची बाजू मांडली : भोवतालच्या लोकांच्या जीवनक्रमात कादंबरीला पुरेसे नाट्य सापडत नाही, म्हणून लेखकाला विलक्षणाकडे वळावे लागते, असा तिचा आशय आहे. १८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंधा’ने संभवनीयतेचा निकष पुढे आणला. कादंबरीच्या विकासाला हा निकष उपकारक ठरला. परंतु अद्भुत कथा ही बिघडलेली वास्तवकथाच होय, अशी समजूतही त्यातून दृढ झाली.

पाश्चात्त्य समीक्षेतही वेगळे घडले नाही. टॉल्किनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मूळ कृती एकच होती. विभागणी प्रकाशनाच्या सोयीची. कवी ऑडनने तिचे स्वागत केले, तर एडमंड विल्सनने १९५६ मध्ये तिला बालिश ठरविले. विस्ताराच्या आक्षेपाला टॉल्किनने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मिस्किलपणे उत्तर दिले : पुस्तक फार लहान झाले, हा वाचकांनी दाखविलेला दोष त्याला मान्य होता.

६. शिफारशीचे निकष

वरील विवेचनावरून चार निकष सुचविता येतात. पहिला निकष अंतर्गत नियमांचा. अद्भुत जगात काहीही घडू शकते, असे चांगल्या कथेत नसते. कथापीठात शिवाने पार्वतीला सांगितलेली कथा चोरून ऐकल्याबद्दल पुष्पदंताला आणि त्याची रदबदली केल्याबद्दल माल्यवानाला शाप मिळतो. दोघे वररुची व गुणाढ्य म्हणून जन्मतात, आणि कथा पुढे सांगितल्यावरच मुक्त होतात. चमत्काराला अट आहे, मुदत आहे, किंमत आहे. ज्या मालिकेत ही किंमत दिसत नाही, तिची शिफारस जपून करावी.

दुसरा निकष चौकटीचा. वेताळाच्या पंचवीस कथा शशांकवती लंबकात येतात. राजा दर वेळी प्रेत खांद्यावर घेतो, उत्तर देतो आणि मौन मोडल्यामुळे पुन्हा झाडापाशी जातो. प्रत्येक उपकथा चौकटीतील ताण वाढविते. तिसरा निकष विस्ताराच्या समर्थनाचा : एखादा खंड काढून टाकला तर पुढील खंडांचे काय बिघडते, हा प्रश्न विचारावा. काहीच बिघडत नसेल, तर राजाचा पहिला आक्षेप तेथे रास्त ठरतो. चौथा निकष शिफारस करणाऱ्यासाठी आहे. त्याने कथेचा सारांश सांगण्यापेक्षा प्रवेशाची वाट सांगावी. ‘कथासरित्सागरा’साठी आधी कथापीठ, मग वेताळकथा आणि त्यानंतर नरवाहनदत्ताचे मुख्य सूत्र, हा क्रम नवीन वाचकाला सोयीचा आहे.

या परिसरातील लोकपरंपरेला अशी पारख नवी नाही. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावच्याच नव्हे, तर दूरदूरच्या गावांतील यात्रा कमिट्यांची माणसे तेथे येऊन सुपारी ठरवितात. कोणत्या फडाचा वग शेवटपर्यंत माणसे बसवून ठेवतो, ही माहिती गावोगाव तोंडी पोहोचलेली असते. खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळी रात्रभर कथा चालवितात; तेथेही लांबी हा दोष ठरत नाही, रेंगाळणे ठरते. श्रोता जागा राहिला की नाही, हीच खरी कसोटी.

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर व घोडेगाव येथील महाविद्यालयांत मराठीच्या विद्यार्थ्यांना या दोन्ही गोष्टी एकत्र अभ्यासता येण्यासारख्या आहेत : वगाच्या किंवा जागरणाच्या श्रोत्यांची प्रतिक्रिया नोंदवावी, आणि त्याच निकषांवर एखादी अनुवादित कथामाला तपासावी. प्रतिकूल मत देण्यास हरकत नाही. ते पूर्ण वाचून आणि कथेविषयी दिलेले असावे. सोमदेवाच्या कथेतील राजाला आपले चुकलेले मत सुधारता आले, पण जळालेले सहा लक्ष श्लोक परत आणता आले नाहीत. अध्यापकाच्या एका वाक्याने विद्यार्थी एखादे पुस्तक हाती घेतो किंवा कायमचे बाजूला ठेवतो. म्हणून ते वाक्य उच्चारण्यापूर्वी अध्यापकाने त्या कथेत स्वतः प्रवेश केलेला असणे आवश्यक आहे.