पाव गोळीचा हिशेब

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी २२ वर्षं जॉबर आहे. कुठला माग बिघडलाय, हे मला आवाजावरून कळतं. तीन वर्षांपूर्वी मात्र तोच आवाज सोसेना. कानात कुणी खिळे ठोकतंय असं वाटायचं. रोज रात्री मी अल्प्राझोलामची एक मिलिग्रॅमची गोळी घेत होतो.

थोरला भाऊ अचानक गेला, त्यात रात्रपाळी, झोपच उडाली. एका डॉक्टरांनी १० दिवसांसाठी गोळी दिली. ते १० दिवस ८ वर्षं चालले. आधी जुनी चिठ्ठी दाखवून, पुढे न दाखवताच, ओळखीच्या मेडिकलमधून पाकीट मिळत गेलं. २०१४ पासून ही गोळी एच-१ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकायची नाही, रुग्णाचं नाव वहीत लिहायचं, ती वही ३ वर्षं जपायची. पाकिटावर लाल चौकटीत इशाराही असतो. ती चौकट मी रोज पाहिली, वाचली कधीच नाही.

गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता पडल्या त्या दिवशी, सिद्धेश्वरांसमोर मनाशी ठरवलं, आजपासून बंद. पहिली रात्र घामात गेली. दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातात धरवेना. तिसऱ्या सकाळी मोरीपाशी झटका येऊन पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा डोकं बायकोच्या मांडीवर होतं, जीभ चावली गेली होती आणि ती माउली माझं नाव घेऊन रडत होती.

सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "काका, सोडायचं ठरवलंत ते बरोबर. एकदम सोडलीत, ते चुकलं."

मेंदूत गॅबा नावाचं रसायन असतं, ते मेंदूची धावपळ शांत करतं. गोळी त्याचा जोर वाढवते. वर्षानुवर्षं बाहेरून मदत मिळाली की मेंदू त्याच बेतानं स्वतःला बदलून घेतो. मग गोळी अचानक गेली की आवरायला कुणी उरत नाही. थरथर, भीती, आवाज न सोसणं, कधी झटके, हे सगळं त्यातूनच येतं. अल्प्राझोलाम लवकर उतरते, म्हणून मला दोन गोळ्यांच्या मधल्या वेळातही त्रास व्हायचा. बाई म्हणाल्या, हे व्यसनी माणसाचं लक्षण नव्हे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यालाही असं होतं. ते ऐकून मला रडू आलं. तेलंगणात २०१५ मध्ये अशाच गोळ्यांची भेसळ असलेल्या ताडीवर कारवाई झाली, तेव्हा ताडी बंद झालेली माणसं असाच त्रास होऊन दवाखान्यात आली होती. आमच्या पूर्वभागात अनेकांचे नातेवाईक तिकडचेच, त्यामुळे ते ऐकून होतो. माझं दुखणं तेच असेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

न्यूकॅसलच्या प्राध्यापक हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी १२ वर्षं अशा गोळ्या सोडवण्यासाठी दवाखाना चालवला. त्यांच्या वाटेनं बाईंनी मला आधी हळूहळू डायझेपामवर नेलं, कारण ती अंगात जास्त वेळ टिकते. मग दर दोन-तीन आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात. बायको ब्लेडनं गोळीचे तुकडे करून कॅलेंडरवर खूण करायची. दिवाळीच्या ऑर्डरीत दोन रात्री डोळा लागला नाही, तेव्हा बाईंनी महिनाभर डोस तिथेच थांबवला. दारूला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. शेवटची पाव गोळी सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. एकूण १६ महिने.

'वेड्यांच्या डॉक्टरकडे' जायची लाज वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे. २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन करा, पण तोवर चालू गोळी मनानं बंद करू नका.

गेल्या महिन्यात शिलाई विभागातल्या एका मावशींच्या डब्याच्या पिशवीत तीच लाल चौकट दिसली. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "सोमवारपासून सोडणार आहे बघा." मी त्यांना खाली बसवलं आणि माझ्या झटक्याची गोष्ट सांगितली. सोमवारी आम्ही दोघं सुट्टी टाकून सिव्हिलला गेलो. त्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती, म्हणून रिकामं पाकीटच बाईंसमोर ठेवलं.