रोज धावताय? तरीही कोलेस्ट्रॉल तपासायलाच हवं, कारण...

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळसारख्या गावात भरतीची तयारी करणारे असोत की पुण्या-मुंबईत मॅरेथॉनचा सराव करणारे, अनेकांना वाटतं, ‘आपण धावतो, मग कोलेस्ट्रॉलची काळजी कशाला?’ हे अर्धंच खरं आहे.

धावल्याने काय बदलतं?

लांब अंतर धावताना स्नायू साखरेबरोबर चरबीही जाळतात. स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम असतं. ते रक्तातल्या ट्रायग्लिसराइडचे तुकडे करून स्नायूंना इंधन पुरवतं. नियमित सरावाने हे एन्झाइम वाढतं. परिणामी ट्रायग्लिसराइड कमी होतं आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्ट्रॉल, थोडं वाढतं. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी, ही जोडी भारतीयांमध्ये सर्रास आढळते. त्यामुळे आपल्यासाठी हा फायदा मोठा आहे.

पण धावणं थांबलं की तो टिकत नाही. भरती झाली आणि बूट कोपऱ्यात गेले, तर काही आठवड्यांत फायदा ओसरतो.

मग ‘वाईट’ कोलेस्ट्रॉलचं काय?

एलडीएलवर धावण्याचा परिणाम कमी होतो. यकृत रक्तातलं एलडीएल किती वेगाने उचलतं, यावर त्याची पातळी ठरते. त्यात आनुवंशिकता आणि आहाराचा वाटा मोठा असतो.

अमेरिकन लेखक जिम फिक्स यांच्या १९७७ मधल्या पुस्तकाने लाखो लोकांना धावायची गोडी लावली. १९८४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, धावायला गेले असताना हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये गंभीर अडथळे आढळले. त्यांचे वडील ४३ व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. फिक्स स्वतः आधी बरीच वर्षं धूम्रपान करायचे. धावणं त्यांना मारक ठरलं असं नाही, पण धावण्याने जुना धोका पुसला गेला नाही.

टेस्ट कधी करायची?

लांब धावल्यावर एक-दोन दिवस ट्रायग्लिसराइड नेहमीपेक्षा कमी दिसू शकतं. म्हणून लिपिड प्रोफाइल मोठ्या रनच्या दुसऱ्याच दिवशी करू नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आलं, तर ते आनुवंशिक असू शकतं. अशा वेळी डॉक्टरांना भेटा आणि आई-वडील, भावंडांचीही तपासणी करून घ्या. धावताना छातीत दुखलं, तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.