हरळीची मुळी आणि एक गोळी

डोणगावच्या काळ्या वावरात हरळी काढून थकलेल्या माणसाला एचआयव्हीचं निम्मं शास्त्र आधीच ठाऊक असतं. वरून खुरपलं की रान साफ दिसतं, मुळी मात्र खालीच असते.

उपचार नसलेल्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. पण रक्तात आलेला विषाणू काही तासच टिकतो! म्हणून औषध त्याला मारायला जातच नाही, नवी पैदास तेवढी थांबवतं. जुने आपोआप संपतात. रोजच्या एका गोळीत तीन औषधं असतात. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन विषाणूची नक्कल अर्धवट तोडतात. डोल्युटेग्राविर ती नक्कल आपल्या डीएनएत शिवू देत नाही. बहुतेकांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सहा महिन्यांच्या आत मिलिलिटरमागे ५० प्रतींच्या खाली येतो.

ज्यांच्यात नक्कल आधीच शिवली गेली आहे अशा, झोपी गेलेल्या पेशी मात्र उरतात. हीच ती मुळी. गोळी बंद केली की बहुधा काही आठवड्यांतच ती फुटते.

मग तेच औषध वर्षानुवर्षं कसं लागू पडतं? मला यातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते. औषधाला न जुमानणारा विषाणू नक्कल करतानाच्या चुकांतून जन्मतो. नक्कलच नाही, तर चूक कुठली? धोका अधूनमधून गोळी चुकवण्यात आहे: औषध अर्धवट, नक्कल चालू, आणि चुकलेल्या विषाणूला मोकळं रान.

जोडीदाराचं काय, याचं उत्तर शोधण्यात आपलं पुणंही होतं. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात तिथली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सहभागी होती. २०११ साली आकडे आले: जोडीदाराकडून झालेल्या २८ लागणींपैकी लवकर औषध सुरू केलेल्या गटात फक्त एक. पुढे पक्कं झालं की विषाणू नीट दबलेला असताना शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

सरकारी एआरटी केंद्रांत २००४पासून या उपचाराच्या गोळ्या मोफत मिळतात, व्हायरल लोडची तपासणीही मोफत होते. गावात खरी धास्ती असते ती नाव फुटण्याची. ते गुप्त राहणं हा २०१७च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. काही विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक लावा, पैसे पडत नाहीत.