राव जोधा डेझर्ट रॉक पार्क, जोधपूर

जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावर श्री चामुंडा देवीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांनी किल्ल्याला लागून असलेले हे उद्यानही अवश्य पाहावे, असे आम्ही सुचवू इच्छितो.

सुमारे ७० हेक्टरांच्या या खडकाळ भूमीवर पूर्वी वेड्या बाभळीचे रान माजले होते. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती ओसाड जमीन हिरवी व्हावी, या सद्हेतूनेच आणली गेली. परंतु तिने स्थानिक झाडाझुडुपांना जागाच उरू दिली नाही.

सन २००६ मध्ये मेहरानगड म्युझियम ट्रस्टने श्री. प्रदीप क्रिशन यांच्या मार्गदर्शनाखाली या भूमीचे मूळ रूप परत आणण्याचे कार्य हाती घेतले. वेडी बाभूळ नुसती तोडल्यास बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून खाणकामात मुरलेल्या कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडून तिची मुळे काढली. त्याच खळग्यांत थोर, केर अशी मरुभूमीतील झाडे लावण्यात आली. फेब्रुवारी २०११ मध्ये उद्यान सर्वांसाठी खुले झाले.

येथे रंगांच्या खुणा केलेल्या पायवाटांवरून हिंडता येते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत खडकांमधील हिरवाई विशेष खुलते. पायांत मजबूत बूट असावेत व पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे.

वृक्षारोपण हे पुण्यकर्म खरेच. तथापि त्या मातीचे झाड कोणते, हे आधी जाणून घेतले नाही तर सद्हेतूही भूमीस भार होतो. रोप हाती घेण्यापूर्वी आपण सर्वांनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.