पुढचे गाणे कोणते?

माझ्या भाचीचा जन्म २००३ चा. शिक्षणासाठी ती दोन वर्षे पुण्यात आमच्याकडे राहिली. रात्री दहा वाजले की तिच्या खोलीतून विविध भारतीचे ‘छायागीत’ ऐकू येई. मोबाइल टेबलावर ठेवलेला, आवाज अगदी बेताचा. जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणे आणि गाण्यांच्या नोंदी करणे हा माझा पंचवीस वर्षांचा उद्योग. पाठीशी पदवी नाही, विद्यापीठ नाही. फक्त वह्या आहेत. त्यामुळे ही मुलगी माझे मन राखण्यासाठी ऐकत असेल, असेच मला आधी वाटले.

तसे नव्हते. तिच्या मैत्रिणीही ऐकत. मी हुरळलो आणि महिनाभर खपून तीनशे गाणी निवडून, संगीतकारवार लावून तिला पेनड्राइव्हवर दिली. ती तिने दोनदा ऐकली आणि पुन्हा रेडिओकडे वळली. मी कारण विचारले, तर म्हणाली, “मामा, यात पुढचं गाणं कुठलं ते मलाच ठरवावं लागतं. दिवसभर तेच तर करते मी.”

या उत्तराने माझे एक गृहीत मोडले. हा लेख त्यातूनच निघाला आहे.

तरुण मुले जुनी, संथ गाणी ऐकतात याला आपण सरसकट ‘स्मरणरंजन’ म्हणतो. पण ज्या काळात आपण नव्हतोच, त्याचे स्मरण कसले? याचे एक उत्तर संशोधनात मिळते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रम्हान्सल यांनी जस्टिन झुप्निक यांच्यासह विशीतल्या विद्यार्थ्यांना १९५५ पासूनची लोकप्रिय गाणी ऐकवली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, स्वतःच्या काळातील गाण्यांखेरीज आईवडिलांच्या तरुणपणातील गाण्यांशीही या मुलांचे घट्ट नाते होते. त्याहून जुन्या, साठच्या दशकातील गाण्यांचाही एक लहानसा उंचवटा आढळला. म्हणजे गाणी घरातून वारशाने येतात.

हा अनुभव मलाही आहे. आमच्या घरी सकाळी साडेसातला रेडिओ सिलोनवर जुन्या चित्रपटांचे संगीत लागे आणि शेवटी सैगल. सैगल सुरू झाला की आठ वाजत आले हे घड्याळ न पाहता कळे. मला तेव्हा डिस्को हवा होता; वडिलांची गाणी मी ‘रडकी’ म्हणून हिणवत असे. आज ती सगळी मला पाठ आहेत.

पण वारसा एवढेच कारण असते, तर माझा पेनड्राइव्हही चालायला हवा होता. गाणी तीच होती. नव्हती ती मांडणी.

या मांडणीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांना चित्रपटगीते उथळ वाटत. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा फिरवला आणि ते लघुलहरींवरील सिलोनकडे गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने पंडित नरेंद्र शर्मा यांच्या नेतृत्वाखाली विविध भारती सुरू केली. म्हणजे आज ज्याला आपण शांत, जुन्या वळणाचे प्रसारण म्हणतो, ते पळून गेलेल्या श्रोत्यांना परत आणण्यासाठी जन्मले. मात्र परत आणताना आकाशवाणीने स्वतःची शिस्त सोडली नाही. निवेदक चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी चौघांची ओळख देई. ‘छायागीत’मध्ये तो एक विषय धरून गाणी गुंफी. ‘संगीत सरिता’त राग समजावून दिला जाई.

दुसरी गोष्ट आवाजाची. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत, म्हणून गाणे आटोपशीर. गायक आणि वादक एकाच वेळी ध्वनिमुद्रणाला बसत. गळा पुढे, वाद्ये मागे. ओळ हळू म्हटली की ती हळूच ऐकू येई. पुढे ध्वनिमुद्रण जास्तीत जास्त मोठे ऐकू यावे म्हणून हळू आणि मोठ्या आवाजांतील अंतर यंत्राने कमी करण्याची चढाओढ लागली. अशा गाण्यात कुजबुजही ओरडण्याइतकीच मोठी ऐकू येते. कान थकतात. अभ्यास करणाऱ्या मुलांना जुने गाणे ‘मध्ये येत नाही’ असे वाटते, त्यामागे हे एक साधे कारण असावे.

बाजारानेही ही भूक ओळखली. सारेगमने २०१७ साली ‘कारवां’ हा पाच हजार गाणी भरलेला, जुन्या रेडिओसारखा दिसणारा संच आणला. मोबाइलवरील सेवांकडे तर याहून कितीतरी मोठा साठा आहे. पण तेथे यंत्र ऐकणाऱ्याची आवड मोजते आणि त्याला तेच फिरवून देते. आवडलेल्यासारखेच पुढचे, त्यासारखेच त्यापुढचे. अशाने जुन्या संगीताचा आवाका पन्नासेक लाडक्या गाण्यांवर येऊन ठेपेल, अशी मला भीती वाटते. गजानन वाटव्यांचे भावगीत ज्या मुलाने कधी ऐकलेलेच नाही, त्याच्यापुढे ते यंत्र कशाला आणील? कोणीतरी माणसाने “आज हे ऐका” म्हणून ते लावावे लागते. पुणे केंद्राने १९५५ च्या रामनवमीपासून ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षभर ऐकवले. श्रोत्यांनी ते मागितले नव्हते. त्यांना ते दिले गेले.

म्हणून काळजी वाटते ती निवेदकाच्या खुर्चीची. मध्यम लहरींची प्रक्षेपणे एकेक करून बंद होत आहेत. गाणी कुठे ना कुठे उरतील. माझ्यासारखे संग्राहक ती सांभाळतील. पण गाणे सांभाळणे वेगळे आणि ते योग्य वेळी कोणापुढे तरी ठेवणे वेगळे. पंचवीस वर्षे मी पहिले काम करत राहिलो आणि त्यालाच दुसरे समजलो.

भाची आता नोकरीसाठी बंगळुरूला आहे. रोज रात्री मी तिला एकच गाणे पाठवतो, सोबत चौघांची नावे आणि माझ्या आवाजात दोन वाक्ये. एखाद्या दिवशी राहून गेले, तर तिचा निरोप येतो, “मामा, आज काय?”