दस्तरख्वानवरचे शब्द

महाड-पोलादपूरच्या अनेक घरांतील तरुण बोटीवर किंवा आखातातील हॉटेलांत कामाला आहेत. जेवण वाढायचे काम करणाऱ्याला परक्या भाषेतले भांड्यांचे शब्द आधी शिकावे लागतात. स्पॅनिशमध्ये थाळी म्हणजे 'प्लातो', पेला 'वासो', चमचा 'कुचारा', काटा 'तेनेदोर', सुरी 'कुचियो', हात पुसायचा रुमाल 'सेर्वियेता' आणि टेबलावर अंथरायचे कापड 'मांतेल'. मांडताना काटा डावीकडे, सुरी आणि चमचा उजवीकडे.

हे शब्द आपल्याला नवे वाटतात. पण चहाच्या कपाला स्पॅनिश लोक 'तासा' म्हणतात, तो मात्र आपला जुना ओळखीचा निघतो. अरबी 'तस्सा'वरून तो स्पेनमध्ये गेला आणि अरबीत आला फारसी 'तश्त'मधून. त्याच तश्तातून उर्दूची 'तश्तरी' आणि मराठीतले हात धुण्याचे 'तस्त' आले. पाण्याच्या जगाला 'हार्रा' म्हणतात, तो अरबी 'जर्रा'. तांदूळ 'अर्रोस' हा 'अर-रुज्ज' आणि साखर 'आसूकार' ही 'अस-सुक्कर'.

७११ मध्ये मुसलमान स्पेनमध्ये उतरले, १४९२ मध्ये ग्रनाडा हातातून गेले. सत्ता संपली, तरी स्वयंपाकघरातले शब्द तिथेच राहिले. ८२२ मध्ये कुर्तुब्याला पोहोचलेल्या जिर्याब या गवयाने तिथे सोन्याचांदीऐवजी काचेचे पेले रूढ केले, असे इतिहासकार अल-मक्करी लिहितो.

मराठीतही असेच घडले. पेला, चमचा, तबक, सुरई हे शब्द फारसी, अरबी, तुर्कीच्या वाटेने आले. बादली, पिंप, घमेले पोर्तुगीजांकडून. शाळेत मराठी आणि घरात उर्दू किंवा कोकणी बोलणाऱ्या आपल्या मुलांना या दोन वेगळ्या दुनिया वाटतात. दस्तरख्वानवर मात्र दोन्ही भाषा शेजारी बसलेल्या दिसतात.

२०२१ च्या जुलैत सावित्रीच्या पुराने महाडमधील कित्येक घरांची भांडीकुंडी नेली. भांडी पुन्हा विकत घेता येतात. पण रकाबी, तश्तरी, थाळी, बशी या सगळ्यांनाच आपण 'प्लेट' म्हणू लागलो, तर हे शब्द कोणत्या बाजारात मिळतील?

म्हणून आम्ही पालकांना एक सुचवतो. येत्या रमजानात इफ्तारचा दस्तरख्वान मुलांना अंथरू द्या. प्रत्येक भांडे ठेवताना त्याचे घरातले आणि शाळेतले नाव त्यांच्याकडून म्हणवून घ्या. एखादा शब्द अडला, तर दादीला विचारायला सांगा. मग बिस्मिल्लाह म्हणून सगळ्यांनी मिळून खजूर उचलावा.